ज्योतीवर गार राहणारं दूध

कॅम्परव्हॅन बघायला आलेल्या माणसाला पलंग, बेसिन, खिडक्यांचे पडदे नंतर दाखवावेत. आधी फ्रीज दाखवावा. मोठ्या गाड्यांमध्ये बऱ्याचदा तीन तऱ्हांनी चालणारा फ्रीज असतो. गाडी रस्त्यावर असली की बारा व्होल्टच्या विजेवर, कॅम्पग्राउंडवर उभी असली की तिथल्या प्लगवर, आणि जिथे वीजच नाही अशा ठिकाणी गॅसवर. गॅसवर म्हणजे अक्षरशः ज्योतीवर. मागच्या बाजूला बोटाच्या पेराएवढी निळी ज्योत जळत राहते आणि तिच्या जोरावर पुढच्या कप्प्यात दूध गार राहतं. आगीतून गारवा! कितीदा पाहिलं तरी मला याचं नवल वाटायचं थांबत नाही.

ही युक्ती 1922 साली स्टॉकहोममधल्या दोन विद्यार्थ्यांनी शोधून काढली, बाल्टझार फॉन प्लॅटेन आणि कार्ल मुंटर्स यांनी. बंद नळ्यांमध्ये पाणी, अमोनिया आणि हायड्रोजन, एवढीच सामग्री. ज्योतीच्या उष्णतेने पाण्यात विरघळलेला अमोनिया उकळून बाहेर पडतो. वरच्या नळीत निवून त्याचा द्रव होतो आणि तो ओघळत फ्रीजच्या कप्प्यामागे येतो. तिथे हायड्रोजन भरलेला असतो, आणि खरी गंमत तिथेच आहे. मुंबईच्या दमट हवेत दोन दिवस न वाळणारी चादर नगरच्या कोरड्या वाऱ्यात तासाभरात वाळते ना? तसा हायड्रोजन हा अमोनियासाठी कोरडा वारा. त्यात अमोनिया झपाट्याने उडून जातो आणि उडताना लागणारी उष्णता कप्प्यातल्या दुधाकडून, भाजीकडून घेतो. पुढे पाणी त्या अमोनियाला पुन्हा पोटात घेतं, हलका हायड्रोजन मोकळा होऊन वर चढतो, आणि चक्र सुरूच राहतं. मोटर नाही, पंखा नाही, हलणारा एकही भाग नाही. रात्री कान लावला तर नळीतली बारीक गुडगुड तेवढी ऐकू येते. अल्बर्ट आइनस्टाइन आणि लिओ झिलार्ड हेसुद्धा अशाच, हलत्या भागांशिवायच्या फ्रीजच्या मागे लागले होते. 1930 मध्ये त्यांना त्याचं अमेरिकन पेटंटही मिळालं.

पण हा सगळा कारभार चालतो तो द्रव आपल्या वजनाने खाली वाहतो म्हणून. गाडी तिरकी उभी राहिली की नळ्यांमधला प्रवाह अडतो आणि फ्रीज रुसतो. म्हणून मुक्कामाला पोचल्यावर पहिलं काम गाडी सपाट करण्याचं. एक जण चाकासमोर प्लास्टिकचा उतार ठेवतो, एक जण स्टिअरिंगवर बसतो, आणि मुलं ओट्यावर ठेवलेल्या लेव्हलच्या नळीत डोळे घालून ओरडत असतात, ‘अजून थोडं, अजून... बास!’ नळीतला बुडबुडा मधल्या दोन रेघांत आला की सगळ्यांनाच हुश्श होतं. गुरुत्वाकर्षण शिकण्याची याहून चांगली जागा मला माहीत नाही.

कुटुंबाने कॅम्परमध्ये राहण्यातलं सुख मला यातच सापडतं. घरात पाणी, वीज, गॅस, सांडपाणी हे सगळं भिंतीच्या आत असतं. नळ सोडायचा, बटण दाबायचं, संपलं. इथे प्रत्येक गोष्टीला टाकी आहे, काटा आहे, आणि तळ आहे. आपल्याकडे शहरी पाणीपुरवठ्याचा हिशेब माणशी दिवसाला 135 लिटर असा धरतात. कॅम्परची पाण्याची टाकी असते शंभरेक लिटरची, म्हणजे एका माणसाच्या एका दिवसाच्या वाट्याएवढीही नाही, आणि तिच्यावर अख्ख्या घराने दोन-तीन दिवस काढायचे. विजेचंही तसंच. बारा व्होल्ट, शंभर अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे जेमतेम सव्वा युनिट. लाइट बिलावर ज्याकडे आपण ढुंकूनही बघत नाही तेवढ्या विजेत इथे संध्याकाळचे दिवे, पाण्याचा पंप आणि सगळ्यांचे फोन भागवायचे.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर आम्ही असे फिरत होतो तेव्हा या हिशेबात सगळ्यांत तरबेज निघाली ती माझी आई. ती दुष्काळी माण तालुक्यात वाढलेली. पाणी जपणं तिच्या हातातच आहे. जेवणं झाली की ती ताटं आधी जुन्या कागदाने पुसून काढायची, मग एका पातेल्यात साबणाचं पाणी, दुसऱ्यात तांब्याभर स्वच्छ पाणी, आणि पाच जणांची भांडी त्यात लख्ख. नळ सोडला की पंप घरघरतो, त्यामुळे पाणी कोण वापरतंय हे सगळ्या गाडीला कळतं. तिच्या वेळी ती घरघर जवळजवळ ऐकूच येत नसे. नातवंडं आजीकडे एखाद्या विद्येची जाणकार असल्यासारखी बघत होती, आणि ते खरंच होतं.

रात्री जेवणाचं टेबल खाली उतरतं, त्यावर गाद्या येतात आणि स्वयंपाकघराची झोपायची खोली होते. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा माळा मुलांचा. कूस बदलायची तर शेजारच्याला सांगून. पाऊस आला तर पत्र्यावर तो इतका जवळून वाजतो की आपोआप गप्पा सुरू होतात. माझ्या आईच्या लहानपणातल्या कितीतरी गोष्टी मी त्या पावसातच पहिल्यांदा ऐकल्या.

आणि जिथे दिवसाउजेडी पोचून अंधारात परतावं लागतं, तिथे कॅम्परमुळे रात्र काढता येते. दक्षिण बेटावरच्या टेकापो तलावाचं निळं-हिरवं पाणी दिवसाही बघत राहावं असं आहे. हिमनद्यांनी दळलेलं खडकाचं पीठ त्यात तरंगतं, म्हणून तो रंग. पण तिथलं खरं वैभव रात्रीचं. जवळच माउंट जॉनची वेधशाळा आहे. तिच्यासाठी या भागात 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासून दिव्यांवर निर्बंध आहेत आणि 2012 मध्ये चार हजार चौरस किलोमीटरहून मोठा हा सगळा टापू आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय रिझर्व्ह’ झाला.

दार उघडून पायरीवर बसलं की ओळखीचं आकाश उलटं दिसतं. आपल्याकडे मृगाच्या खाली असणारा व्याध इथे त्याच्या वर असतो. मृगातला काक्षी तारा खाली, राजन्य वर. महाराष्ट्रातून दक्षिण क्षितिजाजवळ दिसणारा अगस्ती इथे डोक्याजवळून जातो आणि कधी मावळतच नाही. ध्रुव मात्र क्षितिजाखाली, दिसणारच नाही. आणि ढगाचे दोन पांढुरके तुकडे, जे वारा सुटला तरी हलत नाहीत: मॅगेलनचे मेघ. आपल्या आकाशगंगेबाहेरच्या या दोन दीर्घिका, थोरला सुमारे 1,60,000 प्रकाशवर्षांवर, आणि दिसतात नुसत्या डोळ्यांनी. माझ्या मुलीने आजीला बोटाने ते दाखवले. आजीने आधी अगस्ती कुठे ते विचारलं, मग मेघ.

सकाळी निघताना उरतं सांडपाणी. न्यूझीलंडमध्ये मोकळ्या जागी फुकट मुक्काम करायचा तर बहुतेक ठिकाणी गाडी ‘सेल्फ-कंटेन्ड’ असावी लागते: तीन दिवसांचं पाणी आणि मैला पोटात साठवणारी, आणि 2023 च्या कायद्यानंतर आत पक्कं बसवलेला संडास असलेली. ते रिकामं करायला गावोगावी डंप स्टेशनं आहेत. जाड नळी जोडायची, सांडपाण्याच्या टाकीचा खटका ओढायचा, संडासाची पेटी बाहेर काढून ओतायची, धुवायची, आणि शेजारच्या वेगळ्या नळावर पिण्याचं पाणी भरून घ्यायचं. घाणीचा नळ आणि पिण्याचा नळ यांची गल्लत होऊ द्यायची नाही, एवढं पथ्य. पहिल्या दिवशी नाकाला रुमाल लावून लांब उभा राहिलेला माझा मुलगा नंतर हातमोजे चढवून खटका ओढायला स्वतः पुढे व्हायचा, आणि टाकीचा काटा शून्यावर आल्याचं जोरात जाहीर करायचा.