धरणकाठची कुरकुरीत कोळंबी

बीडला समुद्र नाही. पण सिंदफणेवर माजलगाव धरण आहे आणि केज तालुक्यात धनेगावचं मांजरा धरण. गोड्या पाण्यातले झिंगे तळायला उत्तम, फक्त हाताळणी वेगळी. त्यांच्या डोक्यातल्या पाचक रसाने मांस लवकर मऊ पडतं, म्हणून घरी आणताच आधी डोकं काढावं, मग कवच सोलून पाठीला चीर देऊन काळा दोरा काढावा.

धुतल्यावर कोळंबी फडक्याने टिपून अगदी कोरडी करावी. याला पर्याय नाही. ओलसर कोळंबीचं आवरण तेलात सुटतं. हळद, तिखट, मीठ, आलं-लसूण लावून 15 मिनिटं पुरे. लिंबू खातानाच पिळावं, आधी पिळलं तर पाणी सुटतं.

वरून तांदळाचं पीठ आणि बारीक रवा, निम्मे-निम्मे. तांदळाऐवजी ज्वारीचं पीठही छान लागतं, जरा खडबडीत होतं इतकंच. तेल साधारण 180 अंश सेल्सियस हवं: रव्याची चिमूट टाकताच फसफसून वर यावी. थोडी-थोडी सोडून दोन-तीन मिनिटं तळावी. अर्धगोल वळली की काढावी. गच्च वेटोळं झालं तर वातड झाली समजावं. जाळीवर निथळू द्यावी, ढीग केला तर वाफेने मऊ पडते.