चोवीस तासांत उघडणारे दार

फ्लोरिडा राज्यात किसिमी गावाजवळ एक वसाहत आहे. तेथे सकाळच्या न्याहारीला आइस्क्रीम मागितले, तर कोणी नाही म्हणत नाही. दुसऱ्यांदा मागितले तरी नाही. तेथे येणाऱ्या आईवडिलांना पहिल्या दिवशी याचा संकोच वाटतो. ज्या मुलाच्या प्रत्येक घासाची वेळ पाहिली, माप घेतले, वहीत नोंद केली, त्याच्यापुढे सकाळी आठ वाजता चॉकलेट आइस्क्रीमचा पेला ठेवायचा कसा? पण केमोथेरपीने ज्याच्या तोंडाची चव गेलेली असते आणि ज्याने महिनोन्महिने “एवढे तरी खा” हेच आर्जव ऐकलेले असते, ते मूल आज आपणहून काही मागत असते. कित्येक घरांत ही गोष्ट फार दिवसांनी घडत असते.

या वसाहतीचे नाव ‘गिव्ह किड्स द वर्ल्ड व्हिलेज’. गंभीर आजाराशी झुंजणारे मूल, त्याचे आईवडील आणि भावंडे यांना येथे सुमारे आठवडाभर विनामूल्य राहता येते. राहणे, जेवण, आसपासच्या प्रसिद्ध मनोरंजन उद्यानांची तिकिटे, कशाचाही खर्च कुटुंबावर पडत नाही. आपल्याकडे मोठ्या रुग्णालयांच्या आसपास दानशूर मंडळींनी बांधलेल्या धर्मशाळा असतात. येथे धर्मशाळेचेच तत्त्व आहे, फरक एवढाच की ही धर्मशाळा उपचारासाठी नाही, उपचाराचा विसर पडावा म्हणून आहे.

ती ज्याने उभारली, तो एक हॉटेलवाला होता.

हेन्री लँडवर्थ यांचा जन्म १९२७ साली बेल्जियममधील अँटवर्प शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. वयाच्या तेराव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंतचा त्यांचा काळ नाझींच्या छळछावण्यांत गेला. आईवडील दोघेही मारले गेले, जुळी बहीण मात्र वाचली. युद्धानंतर मालवाहू जहाजावर काम करीत ते अमेरिकेस पोहोचले, तेव्हा खिशात वीस डॉलर होते. पुढे तेथील सैन्यात नोकरी झाली, मग हॉटेलातील हरकामे करीत करीत ते या धंद्याच्या खाचाखोचा शिकले. फ्लोरिडाच्या कोको बीच येथे ज्या मोटेलचे ते व्यवस्थापक होते, तेथे अमेरिकेचे पहिले सात अंतराळवीर उतरत. ती मैत्री त्यांना आयुष्यभर पुरली. डिस्नेचे उद्यान उभे राहिल्यावर त्या परिसरात त्यांचा हॉटेलचा व्यवसाय भरभराटीस आला.

हॉटेलच्या धंद्यातील एक गोष्ट व्यापारी मनाला चटकन कळेल. कापडाचे ठाण आज विकले गेले नाही, तर उद्या विकता येते. रात्रभर रिकामी राहिलेली खोली मात्र सकाळी विकता येत नाही. तिचे मोल त्या रात्रीबरोबरच संपते. म्हणूनच हॉटेलवाल्याला खोली दान करणे तसे सोपे जाते. आजारी मुलांच्या अखेरच्या किंवा आवडत्या इच्छा पुऱ्या करणाऱ्या संस्था लँडवर्थ यांच्याकडे खोली मागत आणि ते ती आनंदाने देत. अशीच एक खोली त्यांनी एमी नावाच्या मुलीसाठी राखून ठेवली. तिला रक्ताचा कर्करोग होता आणि डिस्नेचे उद्यान पाहण्याची इच्छा होती. ठरल्या दिवशी ती आली नाही. चौकशी केली तेव्हा समजले, की प्रवासाची बाकीची जुळवाजुळव पुरी होण्यापूर्वीच एमी गेली.

खोली तयार होती. विमान कंपनी, मोटारगाडी, उद्यानाची तिकिटे, जेवण, सारे काही कोणा ना कोणाच्या औदार्यातून मिळण्यासारखे होते. उणीव पैशाची नव्हती, दात्यांचीही नव्हती. प्रत्येक जण आपापला वाटा द्यायला राजी होता, पण ते सारे वाटे एका ठिकाणी, एका तारखेला आणून ठेवणारा कोणी नव्हता. एका कार्यालयाचे पत्र दुसऱ्याकडे जाई, दुसऱ्याचे उत्तर तिसऱ्याकडे, आणि त्या आठवड्यांच्या फेऱ्यांत मुलीचे दिवस संपले. सार्वजनिक कामाचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना हा दोष ओळखीचा वाटेल. वर्गणी गोळा होते, पावत्या फाटतात, आणि गरजू माणसापर्यंत वस्तू पोहोचते तेव्हा गरज उरलेली नसते.

लँडवर्थ यांनी ही जुळवाजुळवच आपले काम मानले. १९८६ मध्ये त्यांनी संस्था स्थापन केली. ओळखीच्या हॉटेलमालकांना खोल्या मागितल्या, उद्यानांच्या प्रमुखांना गाठले. मात्र विखुरलेल्या हॉटेलांत या मुलांची नीट सोय होत नाही, हे लवकरच ध्यानी आले. १९८९ मध्ये स्वतंत्र वसाहत सुरू झाली. आज ती ८९ एकरांवर पसरलेली असून तेथे दीडशेहून अधिक टुमदार घरे आहेत. आतापर्यंत दीड लाखांहून अधिक कुटुंबे येथे राहून गेली आहेत. कुटुंबाने थेट अर्ज करायचा नसतो. इच्छापूर्तीचे काम करणाऱ्या संस्था मुलाची शिफारस करतात आणि त्याच्या डॉक्टरांची संमती घेतात. मुलाची प्रकृती वेगाने ढासळत असेल, तर चोवीस तासांच्या आत त्या कुटुंबासाठी घर उघडण्याची तयारी असते. एमीसाठी जे जमले नाही, त्याची ही कायमची तजवीज आहे.

अशा संस्थांची कल्पनाही तशी फार जुनी नाही. १९८० च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात क्रिस ग्रायसियस या सात वर्षांच्या मुलाला पोलीस व्हायचे होते. त्यालाही रक्ताचा कर्करोग होता. तेथील पोलिसांनी त्याच्या मापाचा गणवेश शिवून घेतला, त्याला हेलिकॉप्टरमधून फिरवले आणि मानद अधिकारी केले. काही दिवसांतच, मे महिन्याच्या आरंभी, तो वारला. त्या घटनेतून ‘मेक-अ-विश’ संस्था जन्मली. तिची भारतीय शाखा १९९६ पासून मुंबईतून काम करते.

सहल मिळाली, हे पत्र हाती आले की घरात आनंद होतो, हे खरे. त्यानंतर लगेच आईच्या मनात जी यादी सुरू होते, ती मात्र बाहेरच्यांना ठाऊक नसते. मुलाला ऑक्सिजन लागत असेल, तर अमेरिकेत प्रवाशाला स्वतःचे सिलिंडर विमानात नेता येत नाही. मान्यताप्राप्त कॉन्सन्ट्रेटर न्यावा लागतो, आणि विमानाच्या अपेक्षित वेळेच्या दीडपट पुरतील इतक्या बॅटऱ्या बरोबर ठेवाव्या लागतात. पोटात बसवलेल्या नळीतून अन्न द्यायचे असेल, तर पंप, त्याच्या नळ्या, अन्नाचे डबे आणि प्रत्येक वस्तूचा एक जादा संच हवा. ही औषधी द्रव्ये नेहमीच्या मर्यादेपेक्षा जास्त नेता येतात, पण सुरक्षा तपासणीत ती वेगळी काढून दाखवावी लागतात. थंड ठेवायची औषधे हातातील पिशवीत ठेवायची, सामानात कधीही टाकायची नाहीत, कारण सामान चुकून दुसऱ्या शहरी गेले तर कपडे विकत मिळतात, औषध मिळत नाही. डॉक्टरांचे पत्र, औषधांच्या मात्रांचा कागद, उतरायच्या ठिकाणचे सर्वांत जवळचे बालरुग्णालय. हे सारे एका फायलीत. ती फाइल झोपतानाही उशाशी.

शिवाय प्रत्येक आजाराची आपली वेगळी भीती असते. छातीत नळी बसवलेल्या मुलाला पोहण्याच्या तलावात सहसा उतरू देत नाहीत, जंतुसंसर्ग थेट रक्तात जाण्याचा धोका असतो. सिकलसेलच्या मुलाला थंडगार पाणी आणि शरीरातील पाण्याची कमतरता, दोन्ही वेदनेचा झटका आणू शकतात. फ्लोरिडाच्या उन्हात तर दर थोड्या वेळाने पाणी पाजणे हेच आईचे काम होऊन बसते. काही औषधांनी त्वचा इतकी नाजूक होते, की दुपारचे ऊन सोसत नाही. सिस्टिक फायब्रोसिसच्या दोन मुलांनी एकमेकांच्या जवळ बसू नये, निदान सहा फूट अंतर ठेवावे, असे डॉक्टर सांगतात. त्यामुळे ज्याला आपले दुःख सर्वांत चांगले कळेल, त्याच मुलाशी दुरून हात हलवावा लागतो.

“घरीच राहिलेले बरे” असे सांगणारे नातेवाईक म्हणूनच चुकीचे बोलत नसतात. धोका खरा असतो, आणि तो पत्करायचा की नाही याचा निर्णय आईवडिलांनाच घ्यावा लागतो. चार दिवसांच्या आनंदासाठी मुलाला संकटात घातले, हा बोल पुढे कोणी लावला नाही, तरी त्यांचे मन लावीलच, ही धास्ती मनात घेऊन ते निघतात.

वसाहतीत पोहोचल्यावर आधी नजरेस भरते ते एवढेच, की तेथे कोणी टक लावून पाहत नाही. केस गेलेले डोके, नाकातील नळी, व्हीलचेअरला अडकवलेला पंप, हे तेथे नित्याचे दृश्य आहे. तलावाचा काठ उताराने पाण्यात जातो, त्यामुळे चाकांची खुर्ची सरळ आत नेता येते. लाकडी घोड्यांच्या चक्रावरही ती चढते. एरवी बाजारात, लग्नसमारंभात, विमानतळावर आईच्या अंगावर रोखलेल्या नजरा येथे नसतात, आणि दोन दिवसांनी तिच्या ध्यानात येते की आपले खांदे सैल पडले आहेत. संध्याकाळी पुढील अंगणात बसून शेजारच्या घरातील आईशी बोलताना आजाराचे नाव सांगितल्यावर पुढचे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. तेवढ्याने डोळे भरून येणाऱ्या कितीतरी जणी असतील.

रात्री वसाहतीचा ‘महापौर’, मेयर क्लेटन नावाचा माणसाएवढा ससा, मुलांना पांघरूण घालायला येतो. आठवड्यातील एका संध्याकाळी तेथे नाताळ साजरा होतो, मग बाहेर मे असो की ऑगस्ट. सांताक्लॉज येतो, भेटी वाटतो. दर आठवड्याला नाताळ कशासाठी, हे कोणी मोठ्याने बोलत नाही. सारे पालक ते जाणून असतात.

या भेटी भावंडांनाही मिळतात, ही गोष्ट वरवर लहान वाटते. पण आजारी मुलाच्या घरातील थोरली बहीण किंवा धाकटा भाऊ आठवा. त्यांचा वाढदिवस रुग्णालयाच्या प्रतीक्षाकक्षात गेलेला असतो. शाळेच्या कार्यक्रमाला आई येणार म्हणून सांगितलेले असते आणि ऐन वेळी ताप चढलेला असतो. ही मुले हट्ट करणे सोडून देतात, आणि मोठी माणसे त्यांना ‘समजूतदार’ म्हणतात. ते कौतुक त्यांना किती महाग पडते, हे कोणी विचारीत नाही. किसिमीच्या त्या वसाहतीत त्यांच्याही हाती खेळणे येते, त्यांनाही कोणी नाव घेऊन हाक मारते. आठ-नऊ वर्षांची मुलगी अचानक रुसून बसते, तिसरे आइस्क्रीम हवे म्हणून भांडते, तेव्हा आईला राग येण्याऐवजी हायसे वाटते.

हिशेबी माणसाच्या मनात एक प्रश्न राहतोच. हाच पैसा औषधोपचारावर खर्च झाला असता, तर? प्रश्न रास्त आहे, आणि त्याला भावनेचे उत्तर पुरत नाही. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या एका बालरुग्णालयाच्या संशोधकांनी इच्छा पूर्ण झालेल्या मुलांची तुलना तशाच आजाराच्या, तशाच वयाच्या इतर मुलांशी केली. इच्छापूर्ती झालेल्या मुलांना पुढील काळात अचानक रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण कमी आढळले. आनंदाने आजार बरा होतो, असा याचा अर्थ नव्हे. कदाचित पथ्य पाळण्याचे बळ येत असेल, कदाचित आईवडिलांना धीर येत असेल. तसेच यांतील सारी मुले दगावतात, हा समजही खरा नाही. आजार जिवावर बेतणारा असला, तरी अनेक जण मोठे होतात, आणि काही तर पुढे येथेच सेवेला येतात.

सेवेकऱ्यांवाचून हे गाव एक दिवसही चालणार नाही. वाढणे, खेळ घेणे, बाग राखणे, आइस्क्रीम भरून देणे ही कामे बहुतांशी स्वयंसेवकच करतात. लँडवर्थ यांनी या कामाचा पगार कधी घेतला नाही. एप्रिल २०१८ मध्ये ते निवर्तले.

त्यानंतर दोनच वर्षांनी वसाहतीवर कठीण प्रसंग आला. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत तिचे दार बंद करावे लागले. ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच खचलेली, त्या मुलांना प्रवास करू देणे शक्यच नव्हते. बहुतेक कर्मचाऱ्यांना कमी करावे लागले. त्या वर्षाच्या शेवटी रिकाम्या घरांवर आणि रस्त्यांवर दिव्यांच्या माळा लावल्या गेल्या, आणि लोकांनी तिकीट काढून ती रोषणाई पाहावी अशी योजना झाली. त्यातून निधी उभा राहिला. जानेवारी २०२१ मध्ये पहिली कुटुंबे पुन्हा आली. पण मधल्या दहा महिन्यांत ज्यांची पाळी होती, त्यांतील काहींना नंतरची तारीख लाभलीच नसेल.

वसाहतीत एक छोटा किल्ला आहे. तेथे येणाऱ्या प्रत्येक आजारी मुलाला एक सोनेरी तारा देतात. मूल त्यावर आपले नाव लिहिते, हवे तसे सजवते. रात्री ते झोपले की तारा छतावर लावला जातो, आणि दुसऱ्या दिवशी मान वर करून ते आपला तारा शोधते. छत भरले, पुढच्या दालनांचे छत भरले, तरी तारे काढलेले नाहीत. काही वर्षांनी एखादे जोडपे परत येते. कधी मूल बरोबर असते, उंच झालेले, आवाज फुटलेले. कधी दोघेच असतात. सेवेकरी कोणताही प्रश्न विचारीत नाहीत, नाव तेवढे विचारतात आणि तारा कोठे आहे ते दाखवतात.