सुरक्षा-प्रणालीचे अद्ययावतीकरण आणि संगणकातील बिघाड

दि. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई विमानतळावर काही विमान कंपन्यांना प्रवाशांची नोंदणी हाताने करावी लागली. हा सायबर हल्ला नव्हता. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीने भारतीय वेळेनुसार सकाळी ९.३९ वाजता आपल्या सुरक्षा-प्रणालीची एक सदोष फाइल प्रसृत केली. ७८ मिनिटांत ती मागे घेण्यात आली; तथापि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बाधित झाले. कुंपणानेच शेत खाल्ले, असा हा प्रकार होय.

सामान्य प्रोग्राम चुकला तर तो एकटाच बंद पडतो. सुरक्षा-प्रणालीचा काही भाग मात्र विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, कार्य करतो. तेथे दोष उद्भवताच विंडोज स्वतःला थांबविते; २०२४ मध्ये अशा वेळी निळा पडदा दिसत असे. हा भाग संगणक सुरू होतानाच कार्यान्वित होत असल्याने पुनःपुन्हा सुरू करूनही बहुधा तेच घडते.

अशा वेळी संगणक सेफ मोडमध्ये सुरू करावा. तेथे बाहेरील बहुतेक ड्रायव्हर कार्यान्वित होत नाहीत. मग उत्पादकाने सांगितलेली फाइल तेवढी काढावी. अंदाजाने काहीही पुसू नये. डिस्कला बिटलॉकरचे संरक्षण असल्यास ४८ अंकी रिकव्हरी-की लागू शकते. ती त्याच संगणकात साठविली असेल तर उपयोग शून्य!

बंद पडलेल्या संगणकाची दुरुस्ती बहुधा प्रत्यक्ष त्याच्यासमोर बसूनच करावी लागते. शहापूर, मुरबाडसारख्या ग्रामीण भागात तंत्रज्ञ शहरातून यावयाचा असल्यास प्रवेश वा परीक्षेच्या दिवसांत हा विलंब विद्यार्थ्यांना भोवतो. म्हणून या कळांची कागदी नोंद कार्यालयात असावी आणि नवे अद्ययावतीकरण प्रथम एकाच संगणकावर करून पाहावे.