रिपोर्टवरचा ‘एच’ आणि ‘एल’

जन्मताना मुलगा म्हणून नोंद झालेली, आता बाईपणासाठी हार्मोनची औषधं घेणारी लेक काही घरांत आहे. तिचा रक्ताचा रिपोर्ट आला, की इस्ट्राडिओलसमोर ‘एच’, म्हणजे जास्त, आणि टेस्टोस्टेरॉनसमोर ‘एल’, म्हणजे कमी, बघून आई घाबरते. आमचं सांगणं असं, की आधी वर लिंगाच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. तिथे ‘पुरुष’ असेल तर लॅबने तिचे आकडे पुरुषांच्या मापाने मोजलेत. एक वाढावं आणि दुसरं उतरावं, यासाठीच तर औषध सुरू केलं!

डॉक्टर साधारणपणे इस्ट्राडिओल मिलिलिटरमागे १०० ते २०० पिकोग्रॅम आणि टेस्टोस्टेरॉन डेसिलिटरमागे ५० नॅनोग्रॅमच्या आत ठेवायला बघतात. काही लॅब टेस्टोस्टेरॉन मिलिलिटरमागे छापतात. मग ४२ च्या जागी ०.४२ दिसतं. ते एकच आहे. इंजेक्शननंतरच्या पहिल्या दिवसांत इस्ट्राडिओल चढलेलं असतं, पुढचं इंजेक्शन जवळ येईतो उतरतं. म्हणून शेवटचा डोस कधी घेतला, ते रिपोर्टवर पेनाने लिहून ठेवा.

खरी काळजी वेगळीच आहे. मैत्रिणीच्या सांगण्यावरून कितीजणी गर्भनिरोधक गोळ्या खातात. माला-डीसारख्या गोळीत एथिनिल इस्ट्राडिओल असतं, आणि इस्ट्राडिओलच्या नेहमीच्या तपासणीत ते धड मोजलंच जात नाही. आकडा कमी येतो, पोरीला वाटतं गोळ्या पुरत नाहीत, आणि दोनाच्या चार होतात. इकडे रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढत जातो. बिडी-सिगारेट ओढणारीला तर जास्तच. एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणं, छातीत कळ, अचानक धाप, यातलं काही झालं तर सकाळची वाट न बघता मोठ्या दवाखान्यात न्या. गोळीचं पाकीट सोबत घ्या, डॉक्टरांपासून लपवू नका. आकडा वाढवला म्हणून छाती लवकर भरत नाही, हेही तिला सांगा.

स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर पोटॅशियमही तपासावं लागतं. ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी तपासणी, पुढे वर्षातून एकदा-दोनदा. डोस कमी-जास्त करायचा तो डॉक्टरांनीच. जाताना जुने रिपोर्टही न्या, आणि जमलं तर आईनेही सोबत जावं.