हजेरीपटातले गुरुजी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

शाळेतल्या जुन्या सोबत्यांचे स्नेहमेळावे आता गावोगाव होतात. मोबाइलवर एक ग्रुप तयार होतो, कुणी मंडपाचे बघतो, कुणी जेवणाचे, आणि 'दहावीची बॅच' पंचवीस-तीस वर्षांनी एकत्र येते. हायस्कूलच्या सरांना शाल-श्रीफळ दिले जाते, फोटो निघतात. चांगली गोष्ट आहे. पण ज्यांनी आपला हात धरून पाटीवर पहिले अक्षर गिरवून घेतले, ते प्राथमिक शाळेतले गुरुजी किंवा बाई या मेळाव्यात बहुधा नसतात. त्यांना कुणी टाळलेले नसते. ते कुठे आहेत हे कुणालाच ठाऊक नसते. असे का होते आणि त्यांना शोधायचे कसे, याविषयी थोडे सांगतो.

मी गगनबावडा तालुक्यातला. कोल्हापूरहून पश्चिमेला पंचावन्न किलोमीटरवर गगनबावडा. तिथून पुढे करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट उतरले की कोकण. पाऊस वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात. जोराचा पाऊस लागला की मांडुकलीजवळ कुंभीचे पाणी रस्त्यावर येते आणि कोल्हापूरची वाट बंद होते. आज तिथे काही तासांत बातमी लागते, फोन होतात. सत्तरच्या दशकात वाट बंद झाली म्हणजे झाली. त्या काळी आमच्या वाडीच्या शाळेवर आलेले गुरुजी होते शिरोळ तालुक्यातले, म्हणजे जिल्ह्याच्या अगदी दुसऱ्या टोकाचे. सपाट मुलखातला माणूस. इरले पांघरून ओढा कसा ओलांडायचा हे त्यांना आम्ही शिकवले, आणि बाकीचे सगळे त्यांनी आम्हाला.

एकच खोली, चार इयत्ता, एक शिक्षक. पहिलीला पाटीवर अक्षरे, दुसरीला उजळणी, तिसरीला शुद्धलेखन, आणि चौथीची हुशार मुले पहिलीला शिकवायला. जून ते सप्टेंबर कौलांतून गळायचे, तेव्हा चारही इयत्ता कोरड्या कोपऱ्यात एकाच घोंगड्यावर बसायच्या. मी चौथीत गेलो त्या मे महिन्यात गुरुजींची बदली झाली. जूनमध्ये दुसरे गुरुजी आले. निरोपसमारंभ वगैरे काही नाही. सुट्टीत गेले ते गेलेच.

प्राथमिक शिक्षक नेमके इथेच हरवतात. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. हायस्कूल बहुधा एखाद्या संस्थेचे असते; तिथले सर वीस-वीस वर्षे एकाच गावात राहतात, बाजारात भेटतात, आपल्या पोरांनाही तेच शिकवतात. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची नेमणूक मात्र जिल्ह्यात कुठेही होते आणि काही वर्षांनी बदलते. शिवाय डोंगरातल्या शाळेवर आलेला शिक्षक घराजवळची बदली मागतो, त्यात त्याचे चुकत नाही. २०१७ च्या शासन निर्णयाने शाळांची 'सर्वसाधारण' आणि 'अवघड' क्षेत्र अशी विभागणी केली आणि बदल्या संगणकावर होऊ लागल्या. त्याआधीही अवघड गावे अवघडच होती, एवढेच. अशा गावातल्या मुलाला चार वर्षांत दोन-तीन गुरुजी मिळतात, आणि गेलेल्या गुरुजींचे पूर्ण नाव विचारले तर आडनावापलीकडे सांगता येत नाही. आम्हाला कुठे ठाऊक होते? आमच्यासाठी ते 'गुरुजी' होते.

शोधणे अवघड असते, अशक्य नसते. एक उदाहरण सांगतो. पाकिस्तानचे भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांना १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. लाहोरला त्यांना गणित शिकवणारे प्राध्यापक अनिलेंद्र गांगुली फाळणीनंतर भारतात आले होते. मधे सरहद्द उभी राहिलेली. सलाम यांनी भारत सरकारला विनंती केली, माझे शिक्षक शोधून द्या. गांगुली सापडले कोलकात्यात, अंथरुणाला खिळलेले. जानेवारी १९८१ मध्ये सलाम त्यांच्या घरी गेले आणि नोबेलचे पदक त्यांनी गुरूच्या गळ्यात घातले. सलाम यांच्यामागे सरकार होते म्हणून ते जमले असे कुणी म्हणेल. पण विनंती करायचे मनात येणे, ते सरकारने केले नव्हते.

कधी शोध उलट दिशेनेही असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना साताऱ्याच्या शाळेत आंबेडकर नावाचेच एक शिक्षक होते. मधल्या सुट्टीत ते आपल्या डब्यातली भाजी-भाकरी या मुलाला देत. पुढे बाबासाहेब गोलमेज परिषदेला निघाले तेव्हा या मास्तरांचे प्रेमाचे पत्र त्यांना आले, आणि ते त्यांनी जपून ठेवले. मुलगा कुठे पोहोचला यावर मास्तरांचे लक्ष होते तर! आपल्यालाही वाटते की आपण त्यांना विसरलो. त्यांनी आपल्याकडे कधी पाहिलेच नसेल असे धरून चालायचे कारण नाही.

आता आपल्यासारख्यांनी शोधायचे कुठे? पहिली जागा म्हणजे शाळाच. बऱ्याच शाळांच्या कार्यालयात आजवरच्या मुख्याध्यापकांची नावे आणि कार्यकाल लिहिलेला फलक असतो. एकशिक्षकी शाळेत शिक्षक तोच मुख्याध्यापक, त्यामुळे पूर्ण नाव तिथे सापडण्याची शक्यता मोठी. नाव मिळाले की अर्धे काम झाले. मग पंचायत समितीचा शिक्षण विभाग, निवृत्त शिक्षकांच्या संघटना. कोल्हापुरात प्राथमिक शिक्षकांची स्वतःची सहकारी बँक आहे, तिथे जुन्या सभासदांना ओळखणारे कुणीतरी भेटते. पत्ता कुणी परक्याच्या हाती देणार नाही आणि देऊही नये. आपला फोन नंबर आणि चार ओळींची चिठ्ठी ठेवून यावी, ती पोहोचते. निवृत्तिवेतन घेणाऱ्याला दर वर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. म्हणजे आपले गुरुजी आहेत की नाहीत हे एका कागदावर दर वर्षी लिहिले जाते. आपणच विचारायला जात नाही.

मला हे शहाणपण उशिरा आले. चौथी सोडून चाळीस वर्षे झाल्यावर माझी चिठ्ठी फिरत फिरत गुरुजींच्या नातवापर्यंत गेली, आणि एका रविवारी मी शिरोळकडची एसटी धरली.

इथे एक सावधगिरीची सूचना. दारात उभे राहून 'गुरुजी, ओळखलंत का?' असे विचारू नये. तीस वर्षांच्या नोकरीत दर वर्षी तीस नवी मुले धरली तरी नऊशे होतात. त्यातला आठ वर्षांचा एक चेहरा त्यांनी पाहिलेला, आणि समोर उभा टक्कल पडलेला पन्नाशीचा गृहस्थ. मी नेमके तेच विचारले. गुरुजी गोंधळले, मी ओशाळलो. मग वडिलांचे नाव सांगितले, वाडी सांगितली. तरी काही नाही. शेवटी सहज म्हणालो, "गुरुजी, आमच्या वेळी उत्तरेकडची कौलं वाऱ्यानं गेली होती."

"हां!" म्हणाले आणि सरसावून बसले. "म्हणजे तू ओढ्याकडच्या घरातला. नंबर नऊ."

मग त्यांनी हजेरी घेतली. खोटे वाटेल, पण हजेरीपटाच्या क्रमाने एकेक नाव ओठांवर येऊ लागले. मधे एखादे निसटायचे, ते मी पुरवायचा. प्रत्येक नावापुढे ते माझ्याकडे बघत आणि मी सांगे: हा साखर कारखान्यात, हा मुंबईला, हा वारला. बारा नंबरला एका मुलीचे नाव आले. धनगरवाड्यावरून उतरून यायची, पावकी-निमकी, सवायकी-दिडकी धडाधड म्हणायची. "तिचं काय झालं? पुढं शिकली ना?"

मला सांगता येईना. ती माझ्या घरापासून सहा किलोमीटरवर दिलेली, बाजारात कधीमधी दिसणारी बाई. पण चौथीनंतर ती शाळेत नव्हती, हायस्कूलचा प्रश्नच नव्हता. म्हणून आमच्या दोन्ही स्नेहमेळाव्यांना तिला बोलावणे गेलेच नव्हते. आम्ही यादी केली होती दहावीच्या बॅचची. गुरुजींची यादी पहिलीची होती. चोवीस नावांतली दहावीपर्यंत पोहोचलेली आम्ही नऊच. उरलेल्या पंधरांना आम्ही आमच्या आठवणीतूनही वजा करून टाकले होते, आणि ते एका म्हाताऱ्या माणसाने विचारल्यावर लक्षात आले.

पुढच्या मे महिन्यात, पावसाच्या आधी, एक जीप करून आम्ही सातजण गेलो. तिला घेऊन गेलो. यायला तयार नव्हती, "मी काय बोलू गुरुजींसंगं?" म्हणत होती. तिथे पोहोचल्यावर तिने नाचणीच्या पिठाची पिशवी गुरुजींच्या पुढ्यात ठेवली आणि पाया पडली. गुरुजींनी दिडकी विचारली. तिने म्हटली. सतराशी अडली, तिथून गुरुजींनी उचलली आणि तीसपर्यंत नेली. आमच्यातल्या कुणालाच येत नव्हती, पदवीधरांनाही.

निघताना तिने हळूच विचारले, "गुरुजी, माझा दाखला मिळंल का आता? वयाचा पुरावा मागत्यात."

एक माहिती आपल्याला असलेली बरी. शाळेचे जनरल रजिस्टर हे कायम जतन करायचे दप्तर असते. मूल शाळेत दाखल झाले की त्याचे नाव, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख त्यात येते. शाळा सोडली की तारीख आणि कारण. शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे त्या ओळीचा उतारा. दाखला कधी नेला नसेल तर किती का वर्षे झालेली असेनात, अर्ज करून मागता येतो.

"नोंद असणारच," गुरुजी म्हणाले. "मीच लिहिलीय."

जून उजाडल्यावर शाळा उघडली तेव्हा तिच्यासोबत मी गेलो. आताच्या बाईंनी कपाटातून जुने रजिस्टर काढले. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण पान शाबूत होते. निळ्या शाईत गुरुजींचे वळणदार अक्षर: तिचे नाव, वडिलांचे नाव, धनगरवाडा, जन्मतारीख. शाळा सोडल्याच्या रकान्यात मात्र अक्षर वेगळे, नंतरच्या गुरुजींचे. कारण लिहिले होते, 'सतत गैरहजर'.

"गैरहजर कसली," ती म्हणाली, "आई बाळंत झाली होती. धाकट्याला सांभाळायला घरी ठेवली."

बाईंनी रजिस्टरावरून दाखला लिहिला, शिक्का मारला आणि तिला सही करायला सांगितले. तिने पेन हातात घेतले आणि पूर्ण नाव लिहिले, वडिलांच्या नावासकट.