तांब्याच्या डुइटची साक्ष

जुनी नाणी जमविणे म्हटले की सोन्यारुप्याची नाणी डोळ्यांपुढे येतात आणि हा छंद धनिकांचाच असावा, असे वाटू लागते. परंतु या छंदाचा आरंभ तांब्यापासून करणे उत्तम. त्या दृष्टीने डच ईस्ट इंडिया कंपनीचा ‘डुइट’ पाहण्याजोगा आहे. वजन सुमारे ३ ग्रॅम आणि आकार जवळजवळ आजच्या एक रुपयाच्या नाण्याएवढा!

ही कंपनी १६०२ मध्ये स्थापन झाली. पुलिकत, नागपट्टणम्, कोचीन व चिनसुरा येथे तिची ठाणी होती. कोकणात वेंगुर्ल्यासही १६३७ मध्ये तिने वखार घातली. तिचे डुइट मात्र १७२६ पासून नेदरलंडमधील प्रांतिक टांकसाळींत पडू लागले आणि जहाजांतून पूर्वेकडे येऊ लागले. ८ डुइट म्हणजे एक स्टायव्हर. जावा बेटात हे नाणे इतके रुळले की इंडोनेशियात आजही बोलीभाषेत पैशाला ‘दुइत’ म्हणतात.

नाणे हाती येताच ते वाचावे. एका बाजूस मोठ्या ‘व्ही’च्या भुजांवर ‘ओ’ व ‘सी’ ही अक्षरे गुंफलेली असून खाली सन असतो. दुसऱ्या बाजूस टांकसाळीच्या प्रांताचे चिन्ह असते. लाटांतून वर येणारा सिंह दिसला, तर नाणे झीलंडचे. ढाल तिरकी दुभागलेली असेल, तर उत्रेख्तचे.

एवढे वाचता आले तरी फसवणूक टळते. अमेरिकेत हेच डुइट ‘न्यूयॉर्क पेनी’ या नावाने, तेथील डच वसाहतीत चाललेली नाणी म्हणून विकले गेले आहेत. वस्तुतः ती वसाहत १६६४ मध्येच इंग्रजांनी घेतली होती. कंपनीची अक्षरे असलेले हे डुइट त्यानंतर ६२ वर्षांनी निघाले. नाण्यावरील चार अंकच असत्याचा निकाल लावतात.

म्हणून ते अंक जपले पाहिजेत. तांब्याची भांडी चिंच-मिठाने घासण्याची आपल्या घरची रीत नाण्यास लावू नये. काळपट थराबरोबर बारीक अक्षरांच्या कडाही झिजतात, आणि सन पुसला गेला की नाण्याची साक्षही गेली. नाणे कडेने धरावे, कारण घामाने तांबे डागळते. ते कोरड्या कागदी पाकिटात ठेवावे आणि वजन, सन, चिन्ह व ते कोठून मिळाले याची नोंद वहीत करावी. ही वही मुलांच्या हाती द्यावी. त्यांची नजर तीक्ष्ण असते.

कायद्याचेही भान हवे. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी परवान्यावाचून देशाबाहेर नेता येत नाहीत. जमिनीत पुरलेला नाण्यांचा साठा सापडल्यास १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे.

कंपनीची सनद १७९९ अखेर संपुष्टात आली. तिच्या व्यापाराचा हा तांब्यातला पुरावा मात्र, आपण घासून टाकला नाही, तर पुढच्या पिढीलाही वाचता येईल.