घरचे गणित : हातचा वर की खाली?

बावन्नातून सत्तावीस वजा करायला सांगितले की सात-आठ वर्षांची पुष्कळ मुले पस्तीस हे उत्तर काढतात. दशकाच्या घरात पाचातून दोन गेले तीन. एककाच्या घरात दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले, उरले पाच. हा निष्काळजीपणा नसतो. बिनहातच्याच्या सगळ्या वजाबाक्यांत मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा, एवढेच मुलाने पाहिलेले असते आणि तोच नियम ते इथेही इमानाने पाळते. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ मध्ये मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांच्या बऱ्याच चुका अंदाधुंद नसतात, त्यांच्यामागे मुलाने स्वतः बनवलेला एक ठाम नियम असतो आणि तो ओळखता आला तर पुढच्या उदाहरणात मूल काय लिहील हेही सांगता येते, असे त्यातून दिसले. म्हणून चुकलेले उदाहरण पुसून ‘परत कर’ म्हणण्याआधी मुलाकडून तोंडाने हिशेब वदवून घ्यावा. नियम कुठे वाकला ते त्या बोलण्यातच कळते.

या भागात पाढ्यांना हात घालायचा होता. ते पुढे ढकलले आहे, कारण थेरगावहून आलेला एक प्रश्न अख्ख्या भागाच्या तोलाचा आहे. आठ वर्षांची मुलगी घरीच शिकते. आई बालभारतीच्या पुस्तकाप्रमाणे दशक सुटा करायला शिकवते : वरचा पाच खोडायचा, चार लिहायचे, दोनाचे बारा करायचे. संध्याकाळी आजोबा वही घेतात. ते वरच्या पाचाला हात लावू देत नाहीत. ‘बारातून सात गेले पाच, हातचा एक, दोन आणि एक तीन, पाचातून तीन गेले दोन,’ असे ते म्हणवून घेतात. दोघांचेही उत्तर पंचवीस. मुलगी मात्र दोघांचेही ऐकते. ती वरच्या पाचाचे चार करते, खालच्या दोनाचे तीन करते आणि उत्तर लिहिते पंधरा. आईने विचारले आहे, बरोबर कोण?

दोन्ही रीती बरोबर आहेत. चूक आहे ती त्यांच्या सरमिसळीत. ती सुटायची तर हातचा कुठून येतो ते आधी हाताने करून पाहावे लागते.

त्यासाठी गेल्या भागातले काड्यांचे गठ्ठे चालतात. थेरगावच्या डांगे चौकासारख्या बाजारपेठेत हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे वॉशर त्याहून बरे. दहा वॉशर एका तारेत ओवून तारेची टोके पिळली की एक दशक तयार होतो. अशा पाच तारा आणि दोन सुटे वॉशर मुलीपुढे ठेवावेत आणि त्यातले सत्तावीस मागावेत. ती दोन तारा लगेच देते, दोन सुटेही देते आणि थांबते. अजून पाच हवेत आणि सुटे तर संपले. इथे मोठ्यांनी गप्प बसावे. थोड्या वेळाने मूल आपणहून एका तारेचा पीळ सोडते. वजाबाकीतला हातचा तो हाच. तो उसना आणलेला नाही, तिच्याजवळच होता. बांधलेला होता, तो सुटा झाला.

दुसऱ्या फेरीत तार आधी सोडायला सांगावी आणि काहीही द्यायच्या आत विचारावे : ‘आता तुझ्याकडे एकूण किती वॉशर आहेत?’ या प्रश्नावर बरीच मुले सगळे वॉशर पहिल्यापासून मोजतात. मोजू द्यावे. चार तारा आणि बारा सुटे मिळून बावन्नच भरतात, हे स्वतः मोजून कळले की मोठा गड सर झाला. काहीही घटलेले नाही, वाढलेलेही नाही, फक्त मांडणी बदलली. बावन्न म्हणजे पन्नास आणि दोन, चाळीस आणि बारा, तीस आणि बावीस. एकाच संख्येच्या अशा मांडण्या करण्याचा खेळ आठवडाभर चालला तरी चालेल. त्यात वजाबाकीचे चिन्हही नसावे. हा खेळ अंगवळणी पडलेल्या मुलाला वरचा पाच का खोडला आणि चार का लिहिले हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

वॉशरनंतर पैसे. क्रम असाच ठेवण्याला कारण आहे. तार सोडली की आतले दहा वॉशर डोळ्यांना दिसतात. दहाच्या नोटेत दहा नाणी दिसत नाहीत. ती आहेत हे मानून नोट मोडावी लागते. कागदावरचा दशकाचा अंक तर त्याहून आडपडद्याचा असतो. म्हणून आधी सुटणारी वस्तू, मग मोडायची नोट आणि शेवटी अंक. दहाच्या पाच नोटा, रुपयाची दोन नाणी आणि शेजारी सुट्या पैशांचा डबा ठेवावा. सत्तावीस रुपयांची भाजी घेतली. एक नोट डब्यात टाकून दहा नाणी काढली. चार नोटा, बारा नाणी. सात नाणी आणि दोन नोटा दिल्या. उरल्या दोन नोटा आणि पाच नाणी. प्रत्येक कृती होताक्षणी तिची नोंद उभ्या मांडणीत व्हावी. नोट मोडली की पाचावर काट मारून चार लिहायचे आणि नाणी मिळाली की दोनाच्या जागी बारा. हात आणि पेन्सिल बरोबरीने चालले तर खाडाखोडीच्या प्रत्येक खुणेला अर्थ राहतो.

भाजी आणायला बरोबर जाणारी मुले नोट मोडतच नाहीत. ती सरळ तीन नोटा पुढे करतात आणि तीन रुपये परत मागतात : बावन्नातून तीस गेले बावीस, तीन परत आले, पंचवीस. ही रीत मोडून काढू नये. पुस्तकात शिकवतात ती तेवढी वजाबाकी, असे मुलीला कधीच वाटू नये. तिची ही रीतही वहीत लिहून ठेवावी.

आता आजोबांची रीत. तिच्यात काही मोडत नाही. वरच्या संख्येत दहा सुटे वाढवले, म्हणून खालच्या संख्येतही दहा वाढवायचे, पण एका दशकाच्या रूपाने. बावन्नाचे झाले बासष्ट, सत्ताविसाचे सदतीस. अंतर तेच राहिले. मुलीला हे वयांवरून पटकन पटते. मावशी बावन्न वर्षांची आणि भाचा सत्तावीस. आणखी दहा वर्षांनी मावशी बासष्ट आणि भाचा सदतीस. मावशी त्याच्याहून तेव्हाही पंचवीसच वर्षांनी मोठी. आजोबांचा खालचा हातचा म्हणजे भाच्याची ती दहा वर्षे. आईच्या रीतीत एकाच संख्येची मांडणी बदलते, आजोबांच्या रीतीत दोन्ही संख्या बदलतात आणि फरक टिकतो. मुलीने आईप्रमाणे वरून दशक काढला आणि आजोबांप्रमाणे खालीही वाढवला. एकाच दहांची फेड दोनदा झाली, म्हणून उत्तर बरोबर दहाने कमी आले.

सुरुवात कोणत्या रीतीने करावी यावर शाळांतही पुष्कळ वाद झाला आहे. विल्यम ब्राउनेल आणि हॅरॉल्ड मोझर यांनी अमेरिकेतल्या तिसरीच्या मुलांवर केलेला मोठा प्रयोग १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही रीती त्यांनी दोन प्रकारे शिकवल्या : काही वर्गांत अर्थ समजावून, काही वर्गांत नुसत्या पायऱ्या घोटवून. अर्थासह शिकवले तेव्हा दशक सुटा करण्याची रीत सरस ठरली. नुसते घोटवले तेव्हा समान मिळवण्याची, म्हणजे आजोबांची, रीत बरी ठरली. घरी घाई नसते. घरी शिकणाऱ्या मुलांना देता येते ती महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची पहिली परीक्षासुद्धा पाचवीच्या पातळीची आहे. तेव्हा दशक सुटा करण्यापासून आरंभ करावा आणि ती रीत पक्की होईपर्यंत आजोबांनी वहीऐवजी वॉशर हाती घ्यावेत. नंतर त्यांची रीत त्यांनीच शिकवावी, मावशी-भाच्याच्या वयांसकट.

ही पायरी अवघड आहे, हे आकड्यांतही दिसते. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणात गावोगावी मुलांच्या घरी जाऊन वाचन आणि गणित तपासतात. त्यातली वजाबाकी दोन अंकी, हातच्याचीच असते. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी ३३.७ टक्के मुलांना ती किंवा त्यापुढचे गणित येत होते. घरी शिकणारे मूल इथे अडले तर त्यात त्याचे किंवा आईचे काही उणे नाही.

मराठी मुलांपुढे आणखी एक अडसर असतो. ‘बावन्न’ ऐकताना दोनाची चाहूल आधी लागते, लिहायचा मात्र पाच आधी. शिवाय त्या नावात पन्नास आणि दोन सुटे दिसत नाहीत. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली ‘पन्नास दोन’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा महाराष्ट्रभर वाद पेटला. मंगला नारळीकर तेव्हा गणिताच्या समितीच्या प्रमुख होत्या आणि लहान मुलांची अडचण त्यांनी ठामपणे मांडली होती. वजाबाकी शिकताना त्या मांडणीचा उपयोग निःसंशय होतो. बावन्न म्हणावे, पण दशक सोडण्यापूर्वी एकदा ‘पन्नास आणि दोन’ आणि सोडल्यावर ‘चाळीस आणि बारा’ असे मोठ्याने म्हणवून घ्यावे.

शेवटचा घाट शून्याचा. तीनशे चारातून एकशे अठ्ठ्याहत्तर वजा करायचे आहेत. चारातून आठ जात नाहीत, शेजारी दशकाच्या घरात काहीच नाही. मुले इथे शून्याचे थेट नऊ करतात आणि शतकाला विसरतात, किंवा शतकातून दहा सुटे एकदम एककात आणतात. पुन्हा नोटांकडे वळावे : शंभराच्या तीन नोटा, रुपयाची चार नाणी. शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा नोटा घेतल्या, त्यातली एक मोडून दहा नाणी. उरले दोन शतक, नऊ दशक, चौदा एकक. नऊ कुठून आले ते मुलीने पाहिले. आता चौदातून आठ गेले सहा, नवातून सात गेले दोन, दोनातून एक गेला एक. उत्तर एकशे सव्वीस.

या घाटाची परंपरा जुनी आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे सुमारे ११५० साली, बेरीज-वजाबाकीचे उदाहरण लीलावती नावाच्या बालिकेला उद्देशून घातले आहे : २, ५, ३२, १९३, १८, १० आणि १०० यांची बेरीज करून ती दहा हजारांतून वजा कर. बेरीज येते ३६०. दहा हजारांतून ते वजा करायचे म्हणजे ओळीने आलेली शून्ये ओलांडायची. दहा हजार म्हणजे नऊ हजार, नऊ शतक आणि दहा दशक, हे दिसले की उत्तर समोरच असते : ९६४०. तिथेच भास्कराचार्य स्थानांनुसार वजाबाकी उजवीकडून किंवा डावीकडून, कशीही करायची मुभा देतात. मुलगी पन्नासातून वीस आधी काढून तीस म्हणत असेल, मग सातातले दोन सुट्यांतून आणि उरलेले पाच त्या तिसातून काढत असेल, तर तीही त्याच वाटेवर आहे.

उत्तर आले की ताळा. उरलेले पंचवीस आणि दिलेले सत्तावीस मिळून बावन्न झाले पाहिजेत. मुलीने लिहिलेल्या पंधरात सत्तावीस मिळवले तर बेचाळीसच होतात. दहा कुठे गेले ते तिने स्वतःच शोधावे. तीन गोष्टी जमल्या की ही पायरी झाली असे समजावे : संख्येची मांडणी न सांगता बदलता येणे, शून्य मध्ये असताना न अडखळणे आणि ताळा करून स्वतःची चूक हेरणे. त्यानंतर वॉशर बाजूला ठेवून रोज तीन-चार उदाहरणे पुरेत. पाढे पुढच्या भागात.